पन्नास टक्क्यांचा ‘सापळा’ आणि रेटिंगचे गणित

स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरत असतो: रेटिंगची, म्हणजे खेळाडूची ताकद गुणांत मोजण्याची प्रणाली प्रत्येकाला मुद्दाम 50 टक्के विजयांवर अडकवते. पुरावा म्हणून पराभवांची मालिका, जिंकल्यावर कमी मिळणारे व हरल्यावर जास्त जाणारे गुण आणि निकामी साथीदार पुढे केले जातात.

या दाव्यात परिणामालाच कारण मानले आहे. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांची पद्धत बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाने 1970 मध्ये स्वीकारली. पुढे अनेक गेमनी तिच्यावरूनच आपल्या पद्धती बेतल्या. तिच्यात दोघांच्या रेटिंगमधील फरकावरून आधी अपेक्षित निकाल काढतात आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून जितका वेगळा, तितके गुण हलतात. खरी ताकद 1700 ची, पण रेटिंग 1500 असलेला खेळाडू 1500 च्याच प्रतिस्पर्ध्यांशी खेळला, तर तो सुमारे 76 टक्के सामने जिंकेल. एका सामन्यात जास्तीत जास्त किती गुण हलतील हे ठरवणारा गुणक 20 धरल्यास समान रेटिंगच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध प्रत्येक निकालाला त्याच्या निम्मे, म्हणजे 10 गुण हलतात; त्यामुळे पहिल्या दहा सामन्यांत साधारण 50 गुणांची चढण. चढत जाईल तसे प्रतिस्पर्धी तगडे होतील आणि 1700 पाशी विजयांचे प्रमाण आपोआप निम्म्यावर येईल. अगदी शिखरावरच्या खेळाडूंना तोडीस तोड कोणी सापडत नाही, म्हणून त्यांचे प्रमाण निम्म्याच्या वरच राहते. सापळा खरा असता तर तेही अडकले असते. राहिली पराभवांची मालिका: नाणेफेकीसारख्या बरोबरीच्या शंभर सामन्यांत कधीतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यताच सुमारे 80 टक्के असते.

जिंकल्यावर 14 आणि हरल्यावर 22, हे पडद्यावर पाहून चीड येते, हे मान्य. मात्र अनेक गेममध्ये दिसणारी रँक वेगळी आणि जोड्या लावणारे, म्हणजे कोण कोणाविरुद्ध खेळेल हे ठरवणारे छुपे रेटिंग वेगळे असते; रँक त्याच्या पुढे गेली की हिशेब तिला मागे ओढतो. कंपन्यांनी हे उघड सांगायला हवे.

संशय अगदीच निराधार नाही. खेळाडूंनी गेममध्ये खरेदी करावी या हेतूने जोड्या लावण्याच्या पद्धतीचे पेटंट ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीला 2017 मध्ये मिळाले होते. कोणत्याही गेममध्ये ती वापरलेली नाही, असे कंपनीने तेव्हा सांगितले. पण तो प्रश्न जोड्या लावण्याचा आहे, निकालानंतर गुण मोजण्याचा नव्हे.

साथीदारांची तक्रार सर्वांत लाडकी आणि सर्वांत कच्ची आहे. पाच विरुद्ध पाचच्या सामन्यात तुमच्या बाजूला अनोळखी चार, तर समोर पाच. निकामी खेळाडू तुम्ही स्वतः नसाल, तर तो समोर असण्याचीच शक्यता किंचित जास्त. संघामुळे रेटिंग खऱ्या ताकदीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, हे मात्र खरे: शंभर सामन्यांत 45 ते 55 विजय निव्वळ योगायोगानेही पडतात, त्यामुळे 53 टक्क्यांची कुवत ठळक दिसायला कित्येक शे सामने लागतात.