वनस्पती तेल किरणोत्सर्गापासून वाचवते का?

‘वनस्पती तेलांत नैसर्गिक अँटिऑक्सिडंट असतात, ती अंगाला लावली की किरण अडतात, पोटात घेतली की पेशी सुरक्षित राहतात, म्हणून रेडिएशन उपचार (किरणांनी कर्करोगाच्या पेशी मारण्याचे उपचार) चालू असलेल्यांनी ती रोज घ्यावीत,’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरत आहे. अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींना इजा करणारे क्रियाशील रेणू निष्प्रभ करणारे घटक. त्यातील शेवटचा सल्ला रुग्णाला अपाय करू शकतो, म्हणून हे सविस्तर उत्तर.

अंगावरच्या थराचा दावा सरळ चुकीचा आहे. कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी पदार्थाच्या भेदक गॅमा किरणांची तीव्रता निम्म्यावर आणायला सुमारे 11 सेंटीमीटर पाणी लागते आणि तेल तर पाण्याहून हलके असते. अल्फा कण, म्हणजे फार दूर न जाणारा किरणोत्सर्गाचा दुसरा प्रकार, त्या थरात अडतील हे खरे, पण ते त्वचेच्या मृत बाह्यस्तरातही अडतातच.

पेशींच्या रक्षणाच्या दाव्यात मात्र तथ्याचा अंश आहे. किरण पेशीतील पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल मूलके (अत्यंत क्रियाशील, अल्पायुषी रेणू) निर्माण होतात, आणि क्ष-किरणांमुळे डीएनएला होणाऱ्या इजेपैकी सुमारे दोन-तृतीयांश इजा याच मार्गाने होते. परंतु हे मूलक काही नॅनोसेकंदच (सेकंदाचे काही अब्जांश भाग) टिकते, त्यामुळे त्याला निष्प्रभ करणारा रेणू किरण पडण्यापूर्वीच डीएनएच्या अगदी लगत आणि भरपूर प्रमाणात हजर असावा लागतो. तेलातील ई जीवनसत्त्व तर स्निग्धविद्राव्य असल्याने मुख्यतः पेशीपटलात, म्हणजे पेशीच्या आवरणात राहते, डीएनएच्या लगत नव्हे. पाम तेलात आढळणारे गॅमा-टोकोट्रायनॉल (ई जीवनसत्त्वाचाच एक प्रकार) किरणांच्या माऱ्याच्या 24 तास आधी टोचलेले उंदीर अधिक संख्येने जगले, हे संशोधन खरे आहे आणि मला ते महत्त्वाचे वाटते. पण तो शुद्ध केलेला घटक होता, मोठ्या मात्रेत त्वचेखाली टोचलेला. चमचाभर तेल पिण्याशी त्याची तुलना होत नाही.

आता रुग्णांविषयी. रेडिएशन उपचारात कर्करोगाच्या गाठीच्या पेशी याच मूलकांच्या साहाय्याने मारल्या जातात, आणि पोटात गेलेला अँटिऑक्सिडंट निरोगी पेशी व गाठ यांत भेद करीलच असे नाही. कॅनडातील क्वेबेकमध्ये डोके व मानेच्या कर्करोगाच्या 540 रुग्णांवर झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्व आणि काही काळ बीटा-कॅरोटिन (आणखी एक अँटिऑक्सिडंट) गोळ्यांच्या रूपात देण्यात आले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत उपचारांचे तीव्र दुष्परिणाम घटले, परंतु पूरक गोळ्यांच्या गटात गाठ त्याच जागी परतण्याकडे कल दिसला. पुढच्या वर्षी त्या गटातील एकूण मृत्युदरही अधिक असल्याचे नोंदवले गेले. त्रास कमी झाला म्हणजे उपचार यशस्वी झाला, हे गृहीतकच येथे कोसळते.

कॅलेंड्युला फुलांच्या मलमाचा दाखला अनेकदा दिला जातो. 2004 मधील 254 स्तनकर्करोग रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत त्याने त्वचादाह कमी झाला, 2013 च्या स्वीडिश चाचणीत साध्या क्रीमपेक्षा फरक दिसला नाही. आणि दोन्हींत प्रश्न त्वचेच्या दाहाचा होता, किरण अडवण्याचा नव्हे.

स्वयंपाकातील नेहमीच्या तेलाला यातील काहीही लागू नाही. मात्र औषध म्हणून तेल किंवा त्याच्या कॅप्सूल घेत असाल, तर कोणत्या, किती आणि कधीपासून, हे पुढच्या सत्रापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा.