मोठी मिळत असताना लहान सिरॅमिक शेगडी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

झाकणाच्या, जाड भिंतींच्या लहान सिरॅमिक कोळसा-शेगडीचे फायदे सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. चव मसाल्यात आणि निखाऱ्यात असते, शेगडीच्या भिंतीत नसते. पत्र्याचं ग्रिल तेच काम करतं आणि उचलायलाही सोपं. सिरॅमिक जड, शिवाय फुटणारं. एवढीशी जाळी चार माणसांना पुरत नाही. गॅस आणि वीज असताना कोळशाचा धूर अंगावर घ्यायचा कशाला? आणि घ्यायचीच झाली, तर मोठी का घेऊ नये?

सिरॅमिकला स्वतःची चव नसते, हे तुमचं अगदी बरोबर. ती जाड भिंत एकच काम करते, आतली उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. पण त्या एका कामाचे परिणाम थेट ताटापर्यंत पोचतात. कसे, ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मूळ लेखात हा भाग मी दोन ओळींत उरकला होता.

कोळसा म्हणजे बहुतांशी कार्बन. एक किलो कोळसा पुरता जळायला कमीत कमी ११ किलोच्या आसपास हवा लागते, म्हणजे साधारण ९ ते १० घनमीटर. ही हवा खालच्या झडपेतून आत येते, निखाऱ्यांतून वर चढते, पदार्थाच्या अंगावरून जाते आणि झाकणावरच्या झडपेतून बाहेर पडते. जाताना पदार्थातलं पाणीही नेते. पातळ पत्रा सगळ्या बाजूंनी उष्णता बाहेर टाकत असतो. त्यामुळे आतली आच टिकवायला जास्त कोळसा जाळावा लागतो, आणि जास्त कोळसा म्हटला की जास्त हवा आलीच. सिरॅमिकमध्ये तीच आच थोड्या कोळशावर टिकते. हवा कमी फिरते आणि कोंबडीची तंगडी बाहेरून खरपूस होऊनही आतून कोरडी पडत नाही. मसाला तोच, निखारेही तेच. फरक पडतो तो आतून किती हवा गेली याने.

दुसरा परिणाम झाकणाचा. तापलेला घुमट वरूनही धग देतो. त्यामुळे पदार्थ सारखा उलटावा लागत नाही आणि पाव किंवा पिझ्झासारखी गोष्ट वरूनही तांबूस होते. लहान शेगडीत हा घुमट पदार्थाच्या जवळ असतो, म्हणून वरची धग चांगली जाणवते.

आता लहान का, ते. मोठ्या सिरॅमिक शेगडीला आधी स्वतः तापावं लागतं. सत्तर किलोंहून जास्त वजन तापायला वेळ जातो आणि कोळसाही जातो, मग जाळीवर दोन मासे असोत की वीस. लहान शेगडी पंधरा-वीस मिनिटांत कामाला लागते. त्यामुळे ती आठवड्याच्या मधल्या वारीही पेटवली जाते, खास बेत ठरण्याची वाट बघावी लागत नाही. माझ्या मते लहान शेगडीचा सगळ्यात मोठा फायदा हाच. चांगलं उपकरण तेच, जे आपण खरोखर वापरतो.

लहान असण्याची एक पडती बाजू तुमच्या प्रतिक्रियेत आली नाही, पण ती सांगायला हवी. व्यास निम्मा केला की आतली जागा आठपट कमी होते, बाहेरचा पृष्ठभाग मात्र चारपटच कमी होतो. म्हणजे आकाराच्या मानाने लहान शेगडी उष्णता लवकर गमावते आणि कोळसा मावतो तोही थोडा. रात्रभर मंद आचेवर मांस शिजवणं हा मोठीचा प्रांत. लहानीत काही तासांचं काम निवांत होतं, त्यापुढे कोळसा भरायला मधेच सगळं उतरवावं लागतं. शिवाय निखारे आणि जाळी यांच्यातलं अंतर कमी असल्यामुळे बेफिकीर राहिलं तर खालून करपतं. त्यावर उपाय म्हणजे मधे ठेवायची सिरॅमिकची चकती. ती सोबत मिळत नसेल, तर वेगळी घ्यावीच, असं मी आग्रहाने सांगेन.

पेटवण्याची पद्धत नीट सांगते, कारण तापमान हातात राहत नाही ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. जुन्या निखाऱ्यांची राख झाडून घ्यायची. तळाच्या जाळीची भोकं मोकळी हवीत. मोठे तुकडे खाली, लहान वर. अख्ख्या लाकडाचा कोळसा घ्यावा; दाबून केलेल्या विटकुऱ्यांची राख जास्त होते आणि इतक्या लहान जागेत तीच राख हवेची वाट अडवते. पेटवायला रॉकेल किंवा तसलं कुठलंही द्रव वापरू नये. आतली सच्छिद्र भिंत ते शोषून घेते आणि पुढे कितीतरी वेळा वास येत राहतो. मेणाचा किंवा लाकडाच्या भुशाचा एक पेटवण तुकडा मधोमध ठेवावा, पेटवावा आणि झाकण थोडा वेळ उघडंच राहू द्यावं.

झाकण बंद केल्यावर आधी दाट पांढरा धूर येतो. त्या धुरात काहीही ठेवू नका, पदार्थ कडवट होतो. धूर पातळ होत होत निळसर दिसायला लागला आणि मग जवळजवळ दिसेनासा झाला, की आग नीट लागली. आता झाकणावरच्या तापमापकाकडे बघायचं. १८० अंश सेल्सिअस हवे असतील, तर काटा १५० वर येताच दोन्ही झडपा कमी करायला लागायचं. खालची बोटभर, वरची त्याहूनही बारीक. भिंती एकदा जास्त तापल्या की ती उष्णता त्या सोडत नाहीत आणि आच खाली आणायला फार वेळ जातो. वर चढवणं सोपं, उतरवणं कठीण, म्हणून खालूनच हळूहळू गाठायचं. एकदा झडपा जमल्या की काटा एका जागी बराच वेळ उभा राहतो. ११० अंशांच्या मंद आचेपासून ३०० अंशांच्या पुढच्या कडक धगीपर्यंत सगळं याच दोन झडपांवर चालतं.

शिजवून झालं की दोन्ही झडपा घट्ट बंद करायच्या. हवा तुटली की आग गुदमरून विझते आणि उरलेला कोळसा काळाच्या काळा राहतो. शेगडी पूर्ण गार झाल्यावर उघडून बघा: तुकड्यांच्या कडा झिजलेल्या असतात, अंगावर राखेचा पातळ थर असतो, तो हलवला की आत टणक कोळसा असतो. पुढच्या वेळी त्यातच मूठ-दोन मुठी नवा घातला की झालं. झडपा पूर्ण न मिटणाऱ्या पत्र्याच्या ग्रिलमध्ये हाच कोळसा जेवण होईपर्यंत राख होऊन जातो. पारंपरिक भट्टीत एक किलो कोळशासाठी चार-पाच किलो किंवा त्याहून जास्त लाकूड लागतं, हे लक्षात घेतलं तर ही बचत फक्त खिशापुरती नाही.

फुटण्याबद्दल. हा आक्षेप जुना आहे आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. या शेगड्यांचं मूळ जपानमधल्या भात शिजवण्याच्या झाकणाच्या मातीच्या चुलीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी त्या घरी नेल्या. एड फिशर यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटात बिग ग्रीन एग या नावाने अशा शेगड्यांचं दुकान काढलं, तेव्हा सुरुवातीला विकल्या जाणाऱ्या शेगड्याही मातीच्याच होत्या, आणि त्यांना तडे जायचे. पुढे उष्णतेचे चढउतार सोसणारं सिरॅमिक आलं आणि हा दोष बराचसा गेला. आजची शेगडी धगीने सहसा फुटत नाही. ती फुटते पडून, आपटून, किंवा भिंतीत पाणी मुरलेलं असताना एकदम भडका केल्यामुळे. पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. म्हणून पावसात भिजली असेल, तर पहिली आग अगदी मंद ठेवावी. तापलेल्या शेगडीवर पाणी ओतू नये आणि आतून ती पाण्याने धुऊही नये, एकदा कडक तापवली की आतली चरबी जळून जाते. कोळसा धरणाऱ्या आतल्या भांड्याला कधीकधी चीर पडते. ते सुटं असल्यामुळे बदलता येतं, आणि तुकडे जागच्या जागी बसत असतील तर वापर थांबतही नाही. पत्र्याचं म्हणाल, तर तो फुटत नाही पण गंजतो, आणि राख ओलसर राहिली की तळातून लवकरच.

वजनाचं मात्र खरं आहे. ३३ सेंटिमीटर जाळीची शेगडी ३० ते ३५ किलोंची असते आणि ती एकट्याने उचलण्याच्या फंदात पडू नये. जाळी, चकती आणि कोळशाचं भांडं बाहेर काढलं की ओझं बरंच कमी होतं. झाकणाच्या बिजागरीला धरून कधीच उचलू नका. दर आठवड्याला गाडीत टाकून न्यायची असेल, तर त्याहून लहान २५ सेंटिमीटर जाळीची बघावी किंवा सरळ पत्र्याचं ग्रिल घ्यावं.

पुरण्याचा हिशेब सोपा आहे. ३३ सेंटिमीटरच्या जाळीवर सुमारे ८५५ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, मोठ्या ४६ सेंटिमीटरवाल्या जाळीच्या निम्म्याहून थोडी जास्त. पाच-सहा तंगड्या किंवा दीड किलोची अख्खी कोंबडी बसते. चार जणांना ते पुरतं. आठ जणांना नाही.

धुराचा प्रश्न तुम्ही काळजीने विचारला आहे, तेव्हा तितक्याच काळजीने सांगते. रोजच्या स्वयंपाकाला घरात गॅस किंवा वीजच बरी, यात दुमत नाही. चरबी निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो, त्यात पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स नावाची घातक संयुगं असतात आणि ती मांसावर बसतात. कडक आचेवर करपलेल्या मांसात आणखी काही घातक संयुगं तयार होतात. मधली चकती आणि तिच्यावर चरबी झेलायला एक ताटली ठेवली, की चरबी निखाऱ्यापर्यंत पोचत नाही, ज्वाळा उठत नाहीत आणि पदार्थ करपत नाही. लहान शेगडीत मंद आच धरून ठेवता येते म्हणून हे जमतं. कोंबडी आतून ७४ अंशांना गेली, की खायला सुरक्षित असते. तंगडी थोडी पुढे जाऊ दिली तर जास्त मऊ होते. पदार्थात खुपसायचा तापमापक जवळ असला, की अंदाजावर भाजत बसावं लागत नाही.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल मात्र कुठलीही सवलत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. कोळशाची शेगडी घरात, बंद गॅलरीत, तंबूत किंवा गॅरेजमध्ये पेटवायची नाही, खिडकी उघडी ठेवूनसुद्धा नाही. झडपा बंद केल्यावरही आत निखारे धुमसत असतात आणि वायू बाहेर येत राहतो, म्हणून ती पूर्ण गार होईपर्यंत उघड्यावरच राहू द्यायची. दुसरी काळजी झाकणाची. झडपा बारीक असताना आत प्राणवायूची भूक साचलेली असते. झाकण एकदम उघडलं, तर ज्वाळा तोंडावर येते. आधी तीन-चार बोटं उचलायचं, काही क्षण थांबायचं, मग पूर्ण उघडायचं. लांब हातमोजे घालूनच.

पत्र्याच्या झाकणाच्या ग्रिलला मी नावं ठेवत नाही. जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये धातूच्या तरंगत्या बोयापासून पहिलं गोल ग्रिल बनवलं, आणि ती रचना आजही उत्तम आहे. रुंद जाळीवर एका बाजूला कडक निखारे आणि दुसरी बाजू रिकामी, असं करून पदार्थ इकडून तिकडे सरकवायचे असतील, तर लहान सिरॅमिक तिथे कमीच पडतं. नेहमी मोठी पंगत असेल तर तुम्ही पत्र्याचंच घ्या. पण घरात दोन ते चार माणसं, शेगडी ठेवायला एक पक्की उघडी जागा, आणि मंद आचेवर निगुतीने शिजवायची आवड असेल, तर लहान सिरॅमिक शेगडीच घ्या.

घ्यायला जाल तेव्हा एक गोष्ट दुकानातच तपासा. झाकणाच्या कडेवरच्या पट्टीत कागदाचा कपटा अडकवा, झाकण मिटा आणि कपटा ओढून बघा. असं सगळ्या बाजूंनी करा. कुठेही तो सहज निसटला, तर तिथून हवा शिरणार आणि झडपा कितीही बंद केल्या तरी आग विझणार नाही. ती शेगडी सोडून दुसरी दाखवायला सांगा.