पावतीवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी सगळे जमले असताना, निंबाखाली बसलेल्या एका नातलगाने "कर आपण भरायचा आणि लाडकी बहीणचे महिन्याचे पंधराशे रुपये बायांनी घ्यायचे" असा सूर लावला, आणि मी नोकरदार, व्यवसाय कर भरणारा, म्हणून मीही मान डोलावली. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा ती मान डोलावल्याची लाज वाटली.

तक्रारीत काहीच तथ्य नाही असे नाही. महाराष्ट्रात दरमहा 10,000 रुपयांहून अधिक पगार असलेल्या पुरुषाला वर्षाला 2500 रुपये व्यवसाय कर पडतो. स्त्रीला मात्र 1 एप्रिल 2023 पासून 25,000 रुपयांच्या पगारापर्यंत तो माफ आहे. कापसाच्या जिनिंगमध्ये अठरा हजारांवर काम करणाऱ्या कारकुनाला हे खुपत असेल तर त्याचे चुकते असे मी म्हणणार नाही. तीच माफी त्यालाही मिळावी. आयकरातली स्त्रियांची वेगळी मर्यादा मात्र 2012 मध्येच संपली, आणि गोडेतेलाच्या पिशवीवरचा 5 टक्के जीएसटी गिऱ्हाईक बाई आहे की पुरुष हे पाहून लागत नाही.

आता लाभाची बाजू. पीएम-किसानचे वर्षाला 6000 आणि नमो शेतकरीचे 6000 हे जमीन ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात येतात, म्हणजे आमच्याकडे भावाच्या. कमरेला ओटी बांधून त्याच जमिनीतला कापूस वेचणाऱ्या वहिनींच्या नव्हे. उद्या सातबारा वहिनींच्या नावावर झाला आणि हे पैसे त्यांना मिळू लागले, तर लाडकी बहीणचे 1500 घटून 500 होतील. तरीही भावाच्या खात्यातले पैसे शेतकऱ्याच्या हक्काचे आणि वहिनींच्या खात्यातले फुकटचे, असे आम्ही सर्रास बोलतो. केंद्राच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात बिनमोबदला घरकाम करणाऱ्यांत त्या कामाची रोजची सरासरी स्त्रियांची 289 मिनिटे आणि पुरुषांची 88 मिनिटे निघाली. आमची चर्चा रंगली होती तेव्हा आत खापरावर पुरणपोळ्या चालल्या होत्या.

राहिली बहीण. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत तिचा आमच्याइतकाच वाटा होता. वडील गेल्यावर तिने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोड लेखावर सही केली, आम्ही तिला साडी घेतली आणि तिच्या वाट्याचे दीड एकर आम्हा दोघा भावांच्या नावावर चढले. लाडकी बहीणचा तिचा अर्ज 2024 मध्ये मीच मोबाईलवर भरला, आणि तिला 1500 मिळतात हे तेव्हापासून मला तोंडपाठ आहे. त्या दीड एकराचे वर्षाचे उत्पन्न किती, हे मात्र मी भावाला अजून विचारलेले नाही.