एक्क्यांची जोडी आली म्हणून दरवेळी पॉट मारायचा का?

‘ओमाहात (चार पत्त्यांच्या पोकरमध्ये) दोन एक्के दिसले की डोळे झाकून पूर्ण पॉट मारा’, म्हणजे मधे जमलेल्या रकमेएवढी बोली लावा, हा तुमच्या लेखातला सल्ला कमी रकमेच्या टेबलावर चालत नाही, भाऊ. तिथं कोणी पॅक करतच नाही, चार-पाच जण फ्लॉप (मधले पहिले तीन उघडे पत्ते) पाहतात. (२०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आल्यापासून आम्ही फुकटच्या चिप्सवर खेळतो, तिथं तर विचारूच नका.) आमच्या दिग्रसकडे पोळ्याला तीन पत्ती रंगते, तिथं एक्क्यांची जोडी आली की माणूस चाल वाढवतच नेतो. तीच सवय इथं भोवते.

एक्का-एक्का-सत्ती-दुर्री, चारही वेगळ्या रंगांची, म्हणजे निम्मा हात बिनकामाचा. एक्का-एक्का-गुलाम-दश्शी दोन रंगांत जुळून आली तर खुशाल मारा. जोडी चाळीस हातांत साधारण एकदा येते, पण अशी जुळलेली फार कमी वेळा.

फ्लॉपवर पक्का हात लागला की मात्र लपवाछपवी नको. पॉट दहाचा असेल तर पूर्ण पॉट मारून एकाच्या कॉलनं (त्यानं तेवढेच टाकले की) तीस, मग पुढच्या फेऱ्यांत तसंच केलं की नव्वद, मग दोनशे सत्तर होतो. एक फेरी चेक केली (काहीच न लावता सोडली) की शेवटचा पॉट तिसऱ्या हिश्शावर येतो.

फ्लॉपवर समोर स्ट्रेट (ओळीनं पाच पत्ते) लागलेली असतानाही सेटवाल्याचं (हातातली जोडी आणि मधला एक, असे तीन सारखे असणाऱ्याचं) मधल्या पत्त्यांत जोडी जुळून फुल हाऊस (तीन सारखे आणि एक जोडी) व्हायची शक्यता पस्तीस टक्क्यांच्या आसपास असते. तिथं कॉल करायचा की नाही, हे समोर किती चिप्स उरल्यात त्यावर ठरतं. लेखात त्याबद्दल एक ओळही नाही, तेवढं पुढच्या भागात लिहा.