काहीच झालं नाही, म्हणूनच दवाखान्यात नेलं

आज सकाळी आमच्या कुत्र्याला, वाघ्याला, परभणीला घेऊन निघाले तर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत तिघांनी अडवलं, "काय झालं ओ याला?" म्हटलं काही नाही झालं, वर्षाच्या लसा आहेत आणि चेकअप. शेजारच्या काकू म्हणल्या, "चांगलं धडधाकट कुत्रं हाय की, मग डॉक्टर कशाला लागतोय?" ऑटो थांबला होता, बोलायला वेळ नव्हता, म्हणून इथं सविस्तर लिहायलेय. काकू फेसबुकवर आहेत, वाचतील.

चार वर्षांपूर्वी आमचा राजा गेला. शेतातल्या आखाड्यावर जन्मलेलं गावरान पिल्लू, मी घरी आणलं होतं. अंगावर गोचिडं असायची, ती तर सगळ्याच कुत्र्यांना असतात असं आम्ही धरून चाललो होतो. मे महिन्यात दोन दिवस जेवला नाही, आम्हाला वाटलं ऊन लागलं, ताकात भाकरी कालवून दिली. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त. घाबरून गावातल्या एकाला बोलावलं, त्यानं गुरांचं गोचिडाचं इंजेक्शन अंदाजानं टोचलं, वजन केलं नाही, ताप बघितला नाही. पाचव्या दिवशी परभणीला नेला तेव्हा डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरडी दाखवली, पांढरीफटक. निरोगी कुत्र्याच्या रक्तात दोन लाखाच्या वर प्लेटलेट असतात, राजाच्या वीस हजारसुद्धा नव्हत्या. गोचीड ताप. दुसऱ्या दिवशी गेला.

डॉक्टर तेव्हा जे बोलले ते मला अजून झोपू देत नाही. या तापाचा जंतू, एर्लिकिया, गोचीड चावल्यावर दोन-तीन आठवड्यात थोडा ताप आणतो, कुत्रं दोन दिवस मलूल राहतं आणि मग आपोआप बरं झाल्यासारखं खायला-खेळायला लागतं, पण जंतू आतच बसलेला असतो, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे. म्हणजे राजा धडधाकट दिसत होता तेव्हाच आजारी होता! दिवाळीत तो असाच दोन दिवस सुस्त पडला होता हे मला नंतर आठवलं. तेव्हा एकदा रक्त तपासलं असतं तर महिनाभर डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या दिल्या असत्या आणि बहुतेक वाचला असता.

वाघ्या आणला तेव्हा सासरे, म्हणजे आमचे आबा, म्हणाले आखाड्यावरच्या कुत्र्याला कधी दवाखाना माहीत होता का. मी म्हटलं आबा, पाऊस पडायच्या आधी तुम्ही बैलांना घटसर्पाची, फऱ्याची लस टोचून घेता, तेव्हा बैल आजारी असतात का? नसतात. आजारी पडल्यावर लस काही कामाची नाही हे तुम्हीच आम्हाला सांगता. मग रात्रभर त्या बैलांची राखण करणाऱ्यालाच का वगळायचं? आबा काही बोलले नाहीत, पण पुढच्या वेळी स्वतःच सोबत आले.

आता नेमकं काय करायचं ते सांगते, कारण पिल्लू हौसेनं आणतात आणि एक इंजेक्शन दिलं की झालं समजतात. पिल्लाला आईच्या चिकातून आलेली ताकद काही आठवडे पुरते, आणि ती अंगात असेपर्यंत बाहेरून दिलेली लस नीट लागू होत नाही. ती नेमकी कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून दीड-दोन महिन्यापासून चार महिन्याचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी लस परत परत देतात. मधला डोस चुकवला आणि पार्व्हो (आतड्याचा विषाणूचा आजार) झाला की रक्ताची हागवण लागून दोन-तीन दिवसात पिल्लू हातचं जातं. अन् तो विषाणू अंगणाच्या मातीत कितीतरी महिने जिवंत राहतो, तिथंच दुसरं पिल्लू आणलं की तेही गेलं, आणि लोक म्हणतात आमच्या घराला कुत्रं लाभत नाही. लाभतंय हो, लस द्या!

जंत तर पिल्लाला आईच्या पोटातच होतात. म्हणून लहानपणी दर पंधरा दिवसांनी औषध, नंतर दर महिन्याला, आणि सहा महिन्यांनंतर वर्षातून चार वेळा, तेही वजनावर. ही अंडी मातीत पडतात, त्याच मातीत आपली लेकरं खेळतात.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर, मग दरवर्षी. लक्षणं दिसल्यावर ना कुत्रं वाचत ना माणूस, यावर तरी वाद नको. ६ जुलै १८८५ ला पाश्चरनी एका पोराला ही लस पहिल्यांदा टोचली, म्हणून ६ जुलैला बऱ्याच सरकारी पशुदवाखान्यात कुत्र्यांना रेबीजची लस फुकट टोचतात. आपल्या तालुक्यात आधी विचारून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर वाघ्याच्या लसा, जंताच्या गोळ्या आणि गोचिडाचं औषध धरून वर्षाला डीएपी खताच्या दीड गोणीएवढे पैसे जातात. राजाच्या शेवटच्या दोन दिवसात याच्या तिप्पट गेले होते. आणि लांब कुठं जायचं म्हणू नका, परभणीला १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, उदगीरला १९८७ पासून, दोन्हीकडे दवाखाना आहे. हात लावून ताप बघू नका, कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१-१०२ त्याला नॉर्मल. हिरडी बघायची सवय लावा, ती गुलाबी पाहिजे.

आज वाघ्याचं वजन केलं, २१ किलो भरलं. कान, दात बघितले, रक्त घेतलं, प्लेटलेट अडीच लाख आल्या. रिपोर्ट हातात आला तेव्हा तिथंच डोळे भरून आले माझे.

आता हे लिहितेय तर आबा वसरीत वाघ्याला पुढ्यात घेऊन बसलेत, कान उलटे करून, बोटांच्या मधी चाचपून गोचिडं शोधायलेत, शेजारी रॉकेलची वाटी आहे. उद्या भिंतीच्या फटी सिमेंटनं बुजवायच्यात, गोचीड अंडी तिथंच घालते. सेलू, मानवत, जिंतूरकडं कुत्र्यांचे चांगले डॉक्टर माहीत असतील तर खाली लिहा, काकूंचं पिल्लू दोन महिन्याचं झालंय आणि अजून एकही लस नाही.