‘पैशाने आरोग्य मिळत नाही’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

कुणी मोठा माणूस आजाराने गेला की दोन दिवसांत हा मेसेज गावाकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो. कधी त्यावर स्टीव्ह जॉब्सचा फोटो असतो, कधी इरफान खानचा, आमच्या भागात माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुखांचाही. मजकूर थोडा इकडेतिकडे होतो, सांगणं एकच असतं. अब्जाधीश असो की नट, आजारापुढे पैसा चालत नाही. उलट आपला शेतकरी बघा, ज्वारीची भाकरी आणि ठेचा खातो, घाम गाळतो, नव्वदी गाठतो. त्याला ना बीपी ना शुगर. आरोग्य नशिबातच असावं लागतं.

पाठवणारी माणसं भली असतात, आपल्याच नात्यातली असतात. पण धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात, माझ्या गावात हेच बोलणं मी दवाखान्यात न जाण्याचं कारण म्हणून ऐकलं आहे, तेही अशा घरांत जिथे जायलाच हवं होतं. म्हणून त्यातलं एकेक विधान घेऊन लिहिते आहे.

आधी जॉब्स, अ‍ॅपल कंपनीचा संस्थापक. त्याचे शेवटचे शब्द म्हणून मेसेजमध्ये बरंच काही दिलेलं असतं. गाडी चालवायला माणूस ठेवता येतो, आपला आजार भोगायला ठेवता येत नाही, वगैरे. हे त्याने कधी लिहिलेलंही नाही आणि बोललेलंही नाही. ५ ऑक्टोबर २०११ ला तो वयाच्या ५६व्या वर्षी गेला, तेव्हा त्याची लेखिका बहीण मोना सिम्प्सन त्याच्याजवळ होती. जाताना त्याच्या तोंडून तीनदा नुसता आश्चर्याचा उद्गार निघाला, असं तिने श्रद्धांजलीच्या भाषणात सांगितलं. पैशाबद्दल, पश्चात्तापाबद्दल एक अक्षर नाही.

त्याच्या आजाराची खरी हकिकत तर मेसेजच्या विरुद्धच साक्ष देते. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या स्वादुपिंडात गाठ सापडली, हळू वाढणाऱ्या प्रकारातली. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते. त्याने नऊ महिने आहाराचे आणि इतर उपाय करून पाहिले आणि २००४ च्या जुलैमध्ये ऑपरेशन करून घेतलं. हा उशीर पैशाने केला नव्हता. पुढे यकृत बदलायची वेळ आली. तो राहायचा कॅलिफोर्नियात आणि तिथली प्रतीक्षा यादी लांबलचक. अमेरिकेत एकाहून जास्त राज्यांत नाव नोंदवता येतं, पण यकृत आल्याचा फोन आला की काही तासांत तिथे हजर होता आलं पाहिजे. ज्याच्या दारात विमान आहे त्याला ते जमतं. जॉब्सने टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला नाव घातलं आणि २००९ मध्ये त्याला तिथे यकृत मिळालं. त्यानंतर तो जवळजवळ अडीच वर्षं जगला. २०१० साली आयपॅड त्याने स्वतः मंचावर येऊन दाखवला, तो याच मिळालेल्या काळात. पैशाने त्याला अमर केलं नाही हे खरं, पण दोन-अडीच वर्षं दिली. घरातला कर्ता माणूस दोन वर्षं जास्त राहणं म्हणजे काय, हे ज्या घरातून तो गेला त्यांना विचारावं.

मग येतात आपल्याकडचे. इरफान ५३ व्या वर्षी गेला, लंडनला उपचार घेऊन. दुसऱ्याच दिवशी, ३० एप्रिल २०२० ला, न्यूयॉर्कला जवळपास वर्षभर उपचार घेऊन आलेले ऋषी कपूर गेले. आणि विलासराव. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुंबईहून विमानाने चेन्नईला हलवलं, जुळणारं यकृत वेळेत मिळालं नाही आणि १४ तारखेला ते गेले. वय ६७. त्यांच्या गावी, बाभळगावला, त्या वेळी लोटलेली गर्दी लातूरकर विसरलेले नाहीत.

या तिघांचं जाणं खरं आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही, कारण मेसेज फक्त गेलेल्यांचीच नावं घेतो. युवराज सिंगच्या छातीत गाठ निघाली, २०१२ च्या सुरुवातीला त्याने अमेरिकेत केमो घेतली आणि त्याच सप्टेंबरमध्ये तो भारताकडून पुन्हा मैदानात उतरला. मनीषा कोईरालाला २०१२ मध्ये अंडाशयाचा कॅन्सर निघाला. न्यूयॉर्कला उपचार झाले आणि नंतर ती कामावरही परतली. बॅस्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने नोव्हेंबर १९९१ मध्ये एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या निदानाचा अर्थ लोक मृत्यू असाच घ्यायचे. तीस वर्षांनंतरही तो ठणठणीत होता. यांच्या फोटोखाली हात जोडून कुणी मेसेज पाठवत नाही.

दुसरी बाजू आम्हाला दिसतच नाही. विलासरावांना झाला तसलाच यकृताचा आजार लातूर-धाराशिवच्या एखाद्या मजुराला झाला, तर त्याचं नाव यकृताच्या प्रतीक्षा यादीपर्यंत जाईल का? पोटात पाणी होतं, गावातला डॉक्टर गोळी देतो, कुणी कावीळ उतरवायला नेतं, आणि माणूस जातो. ते मरण पेपरात येत नाही. नटाचं येतं. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की पैसेवालेच जास्त मरतात.

मोजून पाहिलं तर चित्र स्वच्छ आहे. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उत्पन्नानुसार सर्वांत वरच्या १ टक्का आणि सर्वांत खालच्या १ टक्का पुरुषांच्या आयुर्मानात १४.६ वर्षांचा फरक निघाला, बायकांत १०.१ वर्षांचा. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सर्वांत गरीब घरांत पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या लेकरांचं प्रमाण सर्वांत सुखवस्तू घरांच्या सुमारे तिप्पट आहे.

आता शेतकऱ्याच्या नव्वदीबद्दल. नव्वदी पार केलेली एखादी आजी प्रत्येक गावात असते. तिच्याजवळ बसा आणि तिच्या पाठची भावंडं किती, पोटची लेकरं किती आणि त्यातली किती जगली ते विचारा. ती बोटांवर मोजत सांगते. हा गोवरात गेला, ही हगवणीत, एक बाळंतपणातच. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आणि तेव्हा भाकरी आजच्यापेक्षा अस्सल होती, हवाही स्वच्छ होती. आजी उरली म्हणून आपल्याला दिसते. शिवाय ती भाकरी तरी कुठे राहिली? ज्वारीचा पेरा घटला, सोयाबीन आणि ऊस वाढला, रेशनवर गहू-तांदूळ येतो, आणि मजुराच्या दिवसाची सुरुवात गोड चहा आणि तंबाखूच्या पुडीने होते.

‘ना बीपी ना शुगर’ हे तर मला फार लागतं. दंडाला पट्टा बांधून कधी बीपी मोजलंच नाही, म्हणून नाही. आमच्याकडे कितीतरी जणांना आपलं बीपी पहिल्यांदा कळतं ते लकवा मारल्यावर. आणि मधुमेह हा खुर्चीत बसणाऱ्यांचा आजार ही समजूतही जुनी झाली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) १५ राज्यांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली आले. त्यात पुढारलेल्या राज्यांच्या शहरांमध्ये गरिबांत मधुमेहाचं प्रमाण सुखवस्तू लोकांपेक्षा जास्त निघालं.

कष्टाने माणूस निरोगी राहतो म्हणणाऱ्यांनी एकदा ऊसतोडीच्या फडावर जावं. बीडची, धाराशिवची जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीतून निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीच्या हिशेबात दोघं मिळून एकच. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायची असते. बाई पहाटे उठून चूल पेटवते, मग दिवसभर तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवते. राहायला प्लास्टिकची खोपी, आडोसा नाही, पाणी लांबून. पाळीच्या दिवसांत बसली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उलटे कापले जातात. अंगावरून पांढरं जाऊ लागलं, ओटीपोट दुखू लागलं, की ती खाजगी दवाखाना गाठते आणि तिथे ऐकते की गर्भाची पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. २०१९ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

इथे थोडं थांबायला हवं. या बायकांना उपचार मिळाले नाहीत असं झालेलं नाही. मिळाले, मुकादमाकडून आणखी उचल घेऊन मिळाले, आणि चुकीचे मिळाले. हीच तक्रार घेऊन पुण्यातली बाई गेली असती तर आधी तपासणी, सोनोग्राफी, मग आठवडाभराच्या गोळ्या, आणि त्यानेही भागलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला. पिशवी काढणं हा शेवटचा मार्ग असतो. तिशीतल्या बाईच्या पिशवीबरोबर अंडाशयही काढली की पाळी जाण्याचे सगळे त्रास तिला कितीतरी वर्षं आधी गाठतात. हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते, अंगातून वाफा निघतात. त्यात पुढच्या हंगामाला पुन्हा मोळी आहेच. पैसा नसण्याचं नुकसान असंही होतं. सावकाश विचार करायला, नाही म्हणायला, चार दिवस घरी बसायला जी ऐपत लागते ती तिच्याकडे नसते.

माझ्या माहितीतल्या एका बाईची पाळी जाऊन काही वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून जाऊ लागलं. ती म्हणाली, सोयाबीन निघालं की जाऊ. मग ज्वारीची पेरणी आली, मग पुतणीचं लग्न. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला पोचली तेव्हा गाठ आजूबाजूला पसरली होती. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून मोफत उपचार झाले, योजनेच्या मदतनीसाने, आरोग्यमित्राने, कागद भरून दिले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण योजनेचा आधार मिळाला तो निदान झाल्यावर. त्याआधीची सोनोग्राफी, तुकडा तपासणं, जीपचं भाडं, तिची आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजंदारी, हे सगळं घरचं. कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली तिची फाईल मी चाळली. पहिल्या चिठ्ठीची आणि शेवटच्या निदानाची तारीख यांत एक अख्खा हंगाम गेलेला होता.

राहिलं नशीब. त्याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात लिहिलेलं आहे आणि ते इथे फार थोड्यांना माहीत आहे. १९९९ पासून उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक अभ्यास झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या, आपल्या आया, मावश्या, चुलत्या. गावांचे गट पाडले. एका गटात एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची तपासणी एकदाच केली आणि ज्यांच्यात दोष निघाला त्यांच्यावर उपचार केले. दुसऱ्या एका गटात नेहमीचंच चालू राहिलं, म्हणजे बहुतेकींची तपासणी नाहीच. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या होत्या, दुसऱ्या गटात ६४. दोन्ही गटांत बायकांची संख्या जवळपास सारखी होती. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांचा आधार घेतला जातो. तपासणी न झालेल्या गटाबद्दल नंतर नैतिकतेचा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

दोन्हीकडे भाकरी तीच, शेतातलं काम तेच, गरिबी तीच, देवही तेच. फरक आयुष्यात एकदा झालेल्या तपासणीचा होता. शहरातली पगारदार बाई ही तपासणी पैसे देऊन करून घेते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनसुद्धा नव्हत्या.

मेसेजच्या बाजूची एक गोष्ट मी मान्य करते. पैशाने डॉक्टरला होकार द्यायलाही लावता येतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. मायकल जॅक्सन २००९ मध्ये ५० व्या वर्षी गेला तो त्याच्या खाजगी डॉक्टरने झोपेसाठी घरी दिलेल्या भुलीच्या औषधाने. त्या डॉक्टरला शिक्षा झाली. काही कॅन्सरपुढे आजही जगातलं कुठलंच हॉस्पिटल फार काही करू शकत नाही, हेही खरं. पण जिथे काही करता येतं तिथे ते कुणाच्या वाट्याला येतं, हे घरातल्या ऐपतीवर ठरतं, आणि ती ऐपत नसेल तर सरकारी सोयीवर.

म्हणून ग्रुपवर पाठवायचंच असेल तर हे पाठवा. ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाचं बीपी, शुगर, तोंडाची तपासणी, आणि बायकांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आशाताईला दिवस विचारा. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांनी निघण्याआधी ही तपासणी मागावी. साहित्य नाही, सिस्टर रजेवर आहे, पुढच्या महिन्यात या, असं उत्तर मिळालं तर ते तारखेसह लिहून घ्या आणि ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवा.