युनिट वाढलं म्हणे! मग घरं कुठायत?

सैन्यदलातल्या पुनर्रचनेचा आदेश एका कागदावर मावतो. अमुक तुकडी इथून तिथे, तमुक विभाग दुसऱ्यात विलीन, मंजूर संख्या वाढवली, या तारखेपासून लागू. झालं! माणसं त्या तारखेला हजर होतात. क्वार्टर्स मात्र जुन्याच संख्येला पुरतील एवढ्या, आणि त्यातल्याही काही डागडुजीसाठी कुलूपबंद. तळ उरणजवळच्या करंज्याला असो की ठाण्यातल्या कोलशेतला, पुढचा वनवास सारखाच.

आधी क्वार्टरसाठी अर्ज, मग प्रतीक्षा यादीत नंबर, मग घर उपलब्ध नसल्याचा दाखला, आणि तो हातात पडला की घरभाडे भत्ता. ठाणे आणि नवी मुंबई महागाईच्या वरच्या वर्गात, म्हणून भत्ता ३० टक्के. मूळ वेतन ४०,००० असेल तर १२,०००. एवढ्यात नेरूळ किंवा घोडबंदर रोडला चार माणसांसाठी घर शोधून दाखवा. वर डिपॉझिट आणि दलालाचं एका महिन्याचं भाडं, तेही दाखला यायच्या आधीच खिशातून.

आता खरी मेख ऐका. पुढचं प्रत्येक काम पत्त्याच्या पुराव्यावर अडतं आणि पुरावा म्हणजे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला भाडेकरार. घरमालक म्हणतो, "साहेब, नोटरी करू ना, सगळे तेच करतात." का, तर नोंदणी केली की भाडं कागदावर येतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ स्पष्ट सांगतं: करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, हेही त्याच कलमात आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, शहरी भागात नोंदणी फी १,०००. ऑनलाइन होतं, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. तरी नोटरी! नोटरीचा कागद पुढे कुठल्याही खिडकीवर दिला की परत तोंडावर.

आणि लॉक-इन! म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडायचं नाही; छापील मसुद्यात सहा महिने ठोकलेले असतात. पुनर्रचना चालू असताना चौथ्या महिन्यात दुसरी बदली आली, तर डिपॉझिट गेलं म्हणून समजा. सही करायच्या आधीच एक ओळ घालून घ्यायची: "बदलीचा आदेश आल्यास लॉक-इन लागू राहणार नाही, एक महिन्याच्या नोटिशीवर संपूर्ण अनामत परत." मालकाला ती नको असेल तर तो आत्ताच कळलेला बरा.

गॅसचं प्रकरण छोटं, पण चीड आणणारं. गाव बदललं की सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं. जून २०२२ आधी १४.२ किलोच्या सिलिंडरचे १,४५० भरले असतील तर तेवढेच परत मिळतात आणि इथे नव्या दराने २,२०० भरायचे. रेग्युलेटरचे २५० वेगळे.

शाळा? केंद्रीय विद्यालयात प्रवेशाच्या क्रमासाठी मागच्या ७ वर्षांतल्या बदल्या मोजतात, ठीक. पण वाढलेल्या युनिटची पोरं एकाच हंगामात एकाच दारात उभी राहतात आणि वर्ग काही वाढत नाहीत. उरलेल्यांनी खासगी सीबीएसई गाठायची. तिथे २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची. असायलाच हवी, तक्रार तिची नाही. पण साताऱ्याच्या घरातलं, घरी फाडफाड मराठी बोलणारं पोर जोधपूरला सहावीपर्यंत शिकलेलं असतं. त्याला ऱ्हस्व-दीर्घाचे धडे कोण देणार? शिकवणी लावा, पैसे भरा.

आणि गाडी. गाडीवर तर वेगळी शिवीगाळ व्हायला हवी. परराज्यातली गाडी १२ महिन्यांवर इथे ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो. निघण्याआधीच जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी. त्याआधी थकलेली चलनं भरा, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणा, आणि बॉनेट उघडून कागद दाबून धरत पेन्सिलीने चेसिस नंबरचा ठसा घ्या. एक आकडा पुसट आला की पुन्हा घासा. इथे आल्यावर नव्या नंबरसाठी फॉर्म २७ आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स, एकरकमी. त्यातही वाशी-नेरूळला एमएच ४३, खारघरला मात्र पनवेलचं ४६, ठाण्याला ०४. घर कुठल्या भागात मिळतंय ते ठरेपर्यंत आरटीओच ठरत नाही. घराचं वर सांगितलंच.

जुन्या राज्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मिळतो, कागदावर. पण त्यासाठी इथल्या नव्या नोंदणीचा पुरावा लागतो आणि अर्ज तिथल्या कार्यालयात. म्हणजे इथे आधी पूर्ण भरा, मग दीड हजार किलोमीटरवरच्या टेबलामागे लागा. नवी गाडी घेत असाल तर बीएच नंबरच घ्या, म्हणजे राज्य बदललं तरी नंबर तोच. सप्टेंबर २०२१ पासून सैन्यदलातल्यांना ओळखपत्रावर मिळतो, टॅक्स दोन-दोन वर्षांचा. डीलर "त्यात फार वेळ जातो साहेब" म्हणून टाळेल. त्याला सांगा, थांबतो. एनओसीच्या रांगेपेक्षा शोरूमचा सोफा परवडला.